एकुलता एक जखमी

पासष्टच्या लढाईत आमच्या जबलपूरवर एकही बॉम्ब पडला नाही, तरीसुद्धा आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत एक माणूस जखमी झाला आणि तो माणूस म्हणजे माझे साडू. मी हिशेबखात्यात जन्म काढलेला माणूस आहे, ऐकीव आकडा लिहिणे माझ्या स्वभावात नाही. म्हणून हा आकडा पुन्हा एकदा तपासून लिहितो: जखमी, एक. आणि आमचे साडू नसते तर तिथेही शून्यच राहिले असते. शांततेच्या काळात लढाई असल्यासारखे वागणारा आणि लढाईच्या काळात दोन्ही बाजूंची धावपळ एकट्याने करणारा असा माणूस त्या शहरात दुसरा नव्हता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमची दोघांची सासुरवाडी मझौलीची. सासरे तिथे शाळामास्तर होते आणि दोन्ही मुली त्यांनी जबलपूरच्या फॅक्टरीतल्या नोकरदारांना दिल्या. मी हिशेबात, साडू स्टोअरमध्ये. क्वार्टरही शेजारी शेजारी मिळाले, मधे एक पातळ भिंत. त्या भिंतीमुळे साडूंचे सगळे संकल्प मला त्यांच्या बायकोच्या आधी कळत. बायको स्वयंपाकघरात असे, मी भिंतीला टेकून पेपर वाचत असे. साडू उंच, रुंद आणि तरुणपणी मलखांब केलेले. याला पुरावा म्हणून बाहेरच्या खोलीत एक फोटो होता. फोटोत साडू मलखांबावर डोके खाली, पाय वर असे होते, त्यामुळे पाहुण्यांना मान वाकडी केल्याशिवाय त्यांची ओळख पटत नसे. मात्र तेव्हा त्यांना पोट नव्हते, ही गोष्ट फोटो कसाही धरला तरी दिसत असे. मी त्यांना ओळखू लागलो तोपर्यंत पोट आले होते आणि चांगले स्थिरावले होते. साडू त्याला पोट म्हणत नसत. "मलखांब सुटला ना साडूभाऊ, म्हणून ताकद इकडे येऊन बसली. पुन्हा सुरू केला की जागच्या जागी जाईल," असे ते म्हणत. 'पुन्हा सुरू करायचंय' हे त्यांच्या आयुष्याचे मुख्य वाक्य होते. मलखांब पुन्हा सुरू करायचा होता, बासरी पुन्हा सुरू करायची होती, इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्यायची होती.

एकच गोष्ट त्यांना पुन्हा सुरू करावी लागली नाही, कारण ती कधी थांबलीच नव्हती. ती म्हणजे त्यांची हिंदी. "मी इथं जन्मलो, इथं शिकलो. माझ्या हिंदीला बनारसवाला हात लावून दाखवो," हे ते छातीवर हात ठेवून सांगत आणि खरोखर घाई नसली, मन शांत असले, तर ते हिंदी उत्तम बोलत. पण मन शांत असणे हा त्यांचा प्रांत नव्हता. समोरच्या क्वार्टरमध्ये पांडेजी राहत. ते फॅक्टरीत टर्नर होते आणि गाण्याचे शौकीन. एकदा संध्याकाळी साडू ऑफिसातून तणतणत आले आणि सायकल भिंतीला टेकवत पांडेजींना म्हणाले, "क्या बताऊँ पांडेजी, आज साहब के सामने मेरे को ऐसा राग आया!" पांडेजी खुर्चीत सावरून बसले. "वाह भैया, कौन सा?" साडूंना राग म्हणजे संताप सांगायचा होता, हे पांडेजींच्या लक्षात यायला चहा संपावा लागला.

या अशा माणसाने एके दिवशी खरोखर व्यायाम पुन्हा सुरू केला, त्याचे कारण मात्र थट्टेचे नाही. बासष्ट साली चीनची लढाई झाली तेव्हा पूर्वेकडे जाणाऱ्या पलटणीच्या गाड्या आमच्या स्टेशनवरून जात. लाइनीतल्या बायका पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी करून कागदात पुडे बांधत आणि आम्ही पुरुष ते गाडीत पोचवत असू. एक गाडी लवकर सुटली. साडूंच्या हातात शेवटचा पुडा होता. खिडकीतून एका जवानाने हात बाहेर काढला, अगदी कोवळा पोरगा होता, आणि साडू धावू लागले. प्लॅटफॉर्म पुष्कळ लांब होता. दम नव्हता. अर्ध्यात ते थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, आणि तो हात दिसेनासा होईपर्यंत बाहेरच राहिला. साडू पुडा घेऊन घरी आले. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि पुडा कोणालाही उघडू दिला नाही. सकाळी त्यांनी तो गाईला घातला आणि मला म्हणाले, "साडूभाऊ, हातभर राहिला होता फक्त. हातभर." मी तिथे होतो. हातभर नव्हता, बराच जास्त होता. पण मी ती दुरुस्ती सुचवली नाही.

तरी प्रत्यक्ष व्यायामाला मुहूर्त लागला तो पासष्ट सालीच. सीमेवरच्या बातम्या यायला लागल्या आणि फॅक्टरीत हवाई हल्ल्यापासून बचावाची पथके निघाली. प्रत्येक लाइनीला एक वॉर्डन नेमायचा होता. त्याला दंडावर बांधायची पट्टी आणि गळ्यात अडकवायची शिट्टी मिळणार होती. निवडीला एक निवृत्त फौजी साहेब बसले होते. साडू सगळ्यांत आधी जाऊन उभे राहिले. साहेबांनी त्यांना जखमी म्हणून आडव्या झालेल्या एका शिपायाला उचलायला सांगितले. साडू वाकले आणि वाकलेलेच राहिले. साहेब म्हणाले, "पहले आप अपने को उठाइए। घायल को बाद में देखेंगे।" आणि पुढच्या निवडीला या म्हणून सांगितले. साडूंनी घरी येऊन भिंतीवरच्या फोटोकडे मान वाकडी करून बराच वेळ पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून धप् धप् असा आवाज सुरू झाला. ते सूर्यनमस्कार होते. आमच्या फळीवरचे लोणच्याच्या बरणीचे झाकण प्रत्येक नमस्काराला एकदा वाजे. माझी बायको झोपेतून म्हणे, "जिजाजींचं चालू झालं वाटतं."

नमस्कारानंतर धावणे. पहाटे पनागरहून भाजीवाले सायकलींना दोन्ही बाजूंनी टोपल्या लावून शहरात येत. साडूंनी ठरवले की त्यांच्याबरोबर धावायचे. सुरुवातीला दोडक्यांनी भरलेली सायकलसुद्धा त्यांना मागे टाकून जाई. एका म्हाताऱ्या भाजीवाल्याला तर त्यांची दया आली. तो थांबून म्हणाला, "बाबूजी, कहाँ जाना है? पीछे बैठ जाओ, छोड़ देते हैं।" दुसरे संकट कमानिया गेटचे. साडू धावत कमानियापर्यंत जात आणि त्याच वेळी तिथे कढईत खव्याची जिलबी पडत असे. आता, माणूस एवढा धावून आला, समोर काळीभोर, पाकात निथळणारी जिलबी आहे, तर काय करील? साडू परत येत ते सायकलरिक्षातून. त्यांच्या या व्यायामाने रिक्षावाल्याची तब्येत महिन्याभरात सुधारली, असे ताई, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणत. "तुम्ही धावायला जाऊन राहिले की नाश्त्याला?" असे त्यांनी एकदा सरळ विचारले. साडू म्हणाले, "अगं, शरीराला एकदम धक्का द्यायचा नसतो. तू काहून मधे पडून राहिली?"

पण मी खोटे लिहिणार नाही. उन्हाळा संपता संपता माणूस बदलला. रस्ता त्यांनी मुद्दाम दुसरा धरला, कमानिया वाटेत न येणारा. पट्ट्याला मोच्याकडून नवी भोके पाडून आणली आणि ती सगळ्यांना दाखवली. एके सकाळी मी दूध आणायला गेलो असताना पाहिले, तर पनागरवाल्या सायकली मागे आणि साडू पुढे! टोपल्या रिकाम्या असतील अशी शंका मला आली, म्हणून मी थांबून पाहिले. भरलेल्या होत्या. दुसऱ्या निवडीला त्यांनी स्ट्रेचरचे एक टोक धरून मैदानाला फेरी मारली आणि साहेबांसमोर उभे राहिले तेव्हा ते बोलू शकत होते. साहेबांनी स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात शिट्टी घातली. साडू घरी आले ते थेट माझ्याकडे. "साडूभाऊ, आता कोणाचा हात बाहेर राहू देणार नाही मी." एवढेच म्हणाले आणि डोळे पुसायला आतल्या खोलीत गेले. ती आतली खोली माझी होती, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

लवकरच लढाई पेटली. ब्लॅकआउट सुरू झाला, काचांना कागद चिकटले, मैदानात चर खणले गेले. साडू जेवतानाही शिट्टी काढत नसत, त्यामुळे आमटीचा भुरका घेताना ती वाटीत बुडे. सायरन झाला की वॉर्डनने शिट्टी मारायची, मोठ्याने हुकूम द्यायचा, आणि उघड्यावर असलेल्या सगळ्या माणसांनी जागच्या जागी पालथे पडून कानांत बोटे घालायची, असा नियम होता. हुकूम त्यांनी साहेबांकडून शुद्ध हिंदीत लिहून आणला होता: "सब लोग नीचे लेट जाइए!" भिंतीपलीकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की एकदा ऑफिसात साहेबांनी हाक मारली तर मी खुर्चीतून निम्मा खाली सरकलो होतो. सायरनची तालीम जाहीर झाली तेव्हा साडूंनी सगळ्या लाइनीला मैदानात जमवले. पाऊस नुकताच उघडला होता. बायका चटया घेऊन आल्या होत्या, पांडेजींनी आपल्या म्हाताऱ्या आईला खुर्चीत आणून बसवले होते. साडू पुढे उभे, पट्टी कडक इस्त्रीची.

सायरन वाजला. खरा सायरन जवळून ऐकणे ही वेगळीच गोष्ट असते. साडूंनी शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली, पण तोंडाला कोरड पडलेली, नुसती हवा निघाली. मग त्यांनी हुकूम द्यायला तोंड उघडले. अख्खा महिना घोकलेली हिंदी ऐन वेळी निघून गेली आणि आईने शिकवलेली भाषा बाहेर पडली. "खाली! खाली! सब खाली!" असे ओरडत, दुसऱ्यांना उदाहरण घालून देण्यासाठी, साडूंनी स्वतःला जमिनीवर झोकून दिले.

मी मराठी असल्यामुळे ताबडतोब आडवा झालो. ताई आडव्या झाल्या. माझी बायको, कोपऱ्यावरचे मराठी मास्तर, त्यांची मुले, सगळे पालथे पडले. पण बाकीच्या लाइनीची भाषा हिंदी. त्यांच्या कानांवर हुकूम आला तो जागा खाली करायचा, म्हणजे मैदान रिकामे करायचा. आणि वॉर्डनचा हुकूम मानायचा हे साडूंनीच त्यांना बजावलेले. सगळे उठून पळाले. लाइनीत मराठी किती आणि हिंदी किती, याची शिरगणती त्या क्षणी जितकी अचूक झाली तितकी कोणत्याही खात्याने केली नसेल. पुढचा प्रकार मी जमिनीच्या पातळीवरून पाहिला, त्यामुळे तपशिलाबद्दल मला खात्री आहे. पांडेजींनी आईला पाठीवर घेतले आणि ते गल्लीकडे धावले. वाटेत साडू पालथे. पांडेजी अडखळले, साडूंवर पडले, आणि पांडेजींवर अम्मा. मग वरून अम्मांचा बारीक आवाज आला, "लल्ला, बम गिर गया का?" आणि सगळ्यांत खालून साडूंचा, दबलेला पण आता अत्यंत शुद्ध हिंदीतला आवाज: "नहीं अम्माजी। आप गिरी हैं।"

साडूंच्या उजव्या खांद्याजवळचे हाड मोडले होते. प्लॅस्टर आले, हात गळ्यात आला, शिट्टी होती तिथे पट्टा आला. लाइनीतली माणसे येऊन जाऊन "भैया, खाली?" असे विचारीत आणि साडू डाव्या हाताने त्यांना हाकलीत. सगळ्यात अपराधी वाटले ते अम्मांना. "हमने बिचारे को चपटा कर दिया," असे म्हणून त्या रोज साजूक तुपातला मुगाचा हलवा पाठवू लागल्या. म्हातारीचे मन कसे मोडायचे? कमरेच्या पट्ट्याची नवी भोके एकेक करून निकामी होत गेली. पहाटे भिंतीपलीकडे आता शांतता होती, बरणीचे झाकण वाजत नव्हते, आणि सांगायला हरकत नाही, मला त्या शांततेत जाग येऊ लागली. एका सकाळी मी जाऊन पाहिले तर साडू दारात उभे राहून रस्त्याने जाणाऱ्या पनागरच्या सायकली बघत होते. मी म्हटले, "हाड जुळलं की पुन्हा सुरू करा." ते म्हणाले, "हो, करायचंय ना." पण ते वाक्य पूर्वीसारखे नव्हते. प्लॅस्टर निघायच्या आत लढाई थांबली. प्लॅस्टर निघाले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की हात कामाला चालेल, पण खांद्याच्या वर जाणार नाही. साडूंनी शिट्टी मलखांबाच्या फोटोच्या खिळ्याला अडकवून ठेवली.

एकाहत्तर साली पुन्हा गाड्या पूर्वेकडे जाऊ लागल्या. ताई आणि माझ्या बायकोने पुऱ्या लाटल्या. साडू म्हणाले, "तुम्हीच जा साडूभाऊ. माझा हात कोणत्या कामाचा?" ताई लाटणे न थांबवता म्हणाल्या, "डावा आहे ना? चला, उठा." ते आले. मी पुडे देत पुढे सरकत होतो, साडू मागे खांबाजवळ एक पुडा धरून उभे. डाव्या हातात काठी होती, गुडघेही आता कुरकुरत होते, त्यामुळे पुडा उजव्याच हातात होता. गाडीने शिटी दिली आणि ती हळूहळू सरकू लागली. साडूंसमोरच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. साडूंनी पुडा वर केला. हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. वर तो हात, खाली हा पुडा, आणि मधे खरोखरच हातभर अंतर. हे मी या वेळी नीट पाहिले. काठी टाकून पुडा दुसऱ्या हातात घ्यावा हे त्यांना सुचले नाही. मन शांत नव्हते. ते ओरडले, "खाली! अरे, खाली!"

मी सवयीने आजूबाजूला पाहिले, आता कोण पळतो म्हणून. कोणी पळाले नाही. खिडकीतला जवान चमकला, हसला, आणि कमरेपर्यंत बाहेर येऊन असा काही वाकला की पुडा त्याने साडूंच्या बोटांतून अलगद उचलला. "मामा! कुठले तुम्ही?" गाडी वेग घेत होती. साडूंनी धावण्याचा प्रयत्न केला नाही. जागेवरूनच, सगळा दम एकवटून म्हणाले, "इथलेच आम्ही, बाळा! इथलेच!" त्याने ऐकले की नाही ते सांगता येत नाही. पुडा हलवलेला मात्र दिसला.

परत येताना कमानियाजवळ मी रिक्षा थांबवून जिलबी घेतली. साडूंनी द्रोण हातात धरला, पण खाल्ली नाही. रिक्षा आमच्या लाइनीत वळली तेव्हा म्हणाले, "साडूभाऊ, त्याला समजलं."

त्यानंतर कित्येक महिने, लढाई संपून गाड्या उलट दिशेने जाऊ लागल्या तेव्हा, संध्याकाळी लांबून इंजिनाची शिटी आली की भिंतीपलीकडून आवाज येई, "साडूभाऊ, तो पोरगा परत गेला असेल ना हो?" मला त्याचे नाव माहीत नव्हते, पलटण माहीत नव्हती, काहीच माहीत नव्हते. ऐकीव गोष्ट खरी म्हणून लिहिणे माझ्या स्वभावात नाही हे मी वर सांगितलेच आहे. भिंतीला टेकून मी दर वेळी सांगत असे, "हो. गेला."